तिसरी निवड

रणधीर मोरबाळेला मी कशी संपवणार, हे मला गडहिंग्लजच्या शिवलीला हत्तरकीच्या डाव्या गुडघ्यानं सांगितलं.

गुडघे बोलतात. पूर्वी मी असं म्हटलं की लोक हसायचे, आता कोल्हापूर रंकाळा संघ मला त्याचाच पगार देतो. मी या संघाची निवडप्रमुख, शर्मिष्ठा खराडे. आमच्या महिला फुटबॉल लीगमध्ये आठ संघ. दर वर्षी नव्या मुलींची एक यादी निघते आणि आठही संघ आळीपाळीनं तिच्यातून एकेक मुलगी उचलतात, अशा दोन फेऱ्या. गेल्या मोसमात जो तळाला राहिला त्यानं आधी उचलायचं, जो जिंकला त्यानं शेवटी. आम्ही खालून तिसरे आलो होतो, म्हणून आमची निवड तिसरी. मोरबाळे हा पुणे सह्यगिरीचा संचालक. त्याचा संघ दुसरा आला होता, म्हणजे त्याची पाळी सातवी.

कुठल्या संघाला काय कमी आहे हे हल्ली झाकून राहत नाही. आठही संघांकडे तोच संगणक-सहायक, त्याच चित्रफिती, तेच गणित. त्यामुळे आठही याद्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. आम्हाला डावी बचावपटू हवी होती, मधल्या फळीत पाय रोवून उभी राहणारी कुणीतरी हवी होती, आणि दुसरी गोलकीपर हवी होती, कारण पहिली लग्न करून कॅनडाला निघाली होती. मोरबाळेला हवी होती फक्त एक गोल करणारी. बाकीचा संघ त्यानं नीट बांधला होता, पण तीन वर्षं विजेतेपदानं हुलकावणी दिली होती आणि मालकांनी त्याला सांगून टाकलं होतं की हा मोसम शेवटचा. ही बातमी मला कळली त्या दिवशी मी पेढे आणले. ऑफिसातल्या लोकांना कारण सांगितलं नाही.

त्याचं आणि माझं काय आहे, ते आधीच सांगून टाकते. बावीस वर्षांपूर्वी तो राज्याच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक होता आणि मी कर्णधार. फायनलच्या दोन दिवस आधी सरावात माझा गुडघा वळला. त्यानं मला तपासायला नेलं, अहवाल स्वतःच्या खिशात घातला आणि म्हणाला, नुसती सूज आहे. सामन्याआधी इंजेक्शन दिलं. त्रेसष्टाव्या मिनिटाला मी वळले, गुडघा वळला नाही. तो आवाज समोरच्या गोलकीपरनंही ऐकला. फायनल आम्ही जिंकलो. त्याला बढती मिळाली आणि मला दोन शस्त्रक्रिया. दवाखान्यात तो एकदाही आला नाही. चार वर्षांनी त्या तपासणी केंद्राच्या जुन्या कागदांत मला त्या अहवालाची प्रत सापडली. लिगामेंट अर्धं फाटलेलं आहे, खेळू नये, असं स्वच्छ लिहिलेलं, आणि तारीख सामन्याच्या आदल्या दिवसाची. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. ज्यांचं फार दुखत नाही त्यांना ते लागू पडत असेल.

फुटबॉल सुटल्यावर मी शिरोलीच्या एका फौंड्रीत लागले. कामच असं की ओतलेल्या लोखंडी भागांवर दाब द्यायचा आणि कान लावून बसायचं. धातूच्या आत बारीकशी चीर पडली की सूक्ष्म आवाज येतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, यंत्राला येतो. त्यातला नियम सोपा आहे. चांगला भाग पूर्वी सोसलेल्या दाबाला गप्प असतो. जो पूर्वीपेक्षा कमी दाबालाही कुरकुरतो, तो आतून चाललेला असतो आणि तो बाजूला काढायचा. अशीच एकदा दुपारी मशीनपुढं बसले होते आणि माझ्या मनात आलं, गुडघ्यातलं लिगामेंट तरी वेगळं काय आहे? तेही हजारो धाग्यांचं. खेळताना रोज थोडे धागे तुटतात, विश्रांतीत सांधले जातात. तुटणं सांधण्याच्या पुढं गेलं की एक दिवस सगळंच जातं. मोठ्या तपासणीच्या फोटोत फाटलेलं दिसतं, पण एकेक धागा तुटताना दिसत नाही. तो ऐकावा लागतो.

इरफान शिकलगार त्याच फौंड्रीत इंजिनिअर होता. आम्ही दोघांनी मिळून गुडघ्याला बांधायचा पट्टा केला. त्यात आठ कान, आणि तो आवाज खाली आणून ऐकवणारा संगणक. ऐकलं की कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं वाटतं. चांगल्या गुडघ्यात एका बैठकीला दहाच्या आत लाह्या. तीन वर्षांत आम्ही तीनशे मुली ऐकल्या. शंभराच्या वर लाह्या असून खेळत राहिलेल्या एकवीस जणी होत्या, त्यातल्या एकोणीस जणींचं लिगामेंट पाच महिन्यांत तुटलं. आणि ज्यांना चार महिने बसवून सावकाश ताणाचा व्यायाम दिला, त्या सगळ्यांचे गुडघे शांत झाले. एकीचाही अपवाद नाही. हे फक्त आम्हाला ठाऊक होतं, कारण पट्टा आमचा, आकडे आमचे, आणि लीगच्या नियमाप्रमाणे कुठल्याही संघावर आपली तपासणी दुसऱ्याला सांगायचं बंधन नव्हतं.

निवडीच्या आधी पुण्यात शिबिर भरलं. तिथं प्रत्येक संघाला सहा मुली तपासायची मुभा होती. शिवलीला सर्वांत शेवटी आली. एकवीस वर्षांची, उंच, सावळी, दोन्ही पायांनी सारखी मारणारी. वर्षभरात तिनं चाळीसवर गोल केले होते. पहिल्या दोन संघांना गोलकीपर आणि बचावपटू हवी होती, म्हणजे ती आपसूक आमच्या वाट्याला येणार. जिल्ह्याची पोर जिल्ह्यात. कोल्हापुरात तर लोकांनी तिच्या नावाचे शर्ट शिवायला टाकले होते.

इरफाननं पट्टा बांधला. उजवा गुडघा सात लाह्या. डावा बांधला, ती बसली, उठली, एका पायावर उडी मारली. संगणक एकशे बेचाळीसवर थांबला. इरफाननं माझ्याकडं पाहिलं.

"ताई, कसा हाय ओ?" शिवलीलानं विचारलं. "गेल्या म्हैन्यापासनं डावा जरा जड वाटालाय. घरात कुणाला बोललो न्हाई मी." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी बोललो' असंच म्हणतात, त्यात पुरुषीपणा काही नाही.

मी तिच्याकडं बघत होते, पण खरं तर मला मोरबाळे दिसत होता. ही मुलगी त्याच्या संघात गेली तर? मोसमाच्या मध्यावर, सगळ्या लोकांसमोर, त्याचा सगळा डाव एका वळणावर मोडेल. दुसऱ्याच्या गुडघ्यावर मोठा झालेला माणूस दुसऱ्याच्याच गुडघ्यानं खाली येईल. मला इतकं बरं वाटलं की घशाशी हसू आलं.

"ठणठणीत हाय," मी म्हणाले. "जा, जेवून घे."

परतीच्या गाडीत इरफान कऱ्हाडपर्यंत पट्ट्याच्या तारा गुंडाळत होता. मग म्हणाला, "ताई, तिला सांगायला पायजे."

"आपण तिला घेणार न्हाई. सातारा रोडला लागल्यापासनं मी त्याचाच विचार करालोय. मोरबाळेला देऊया."

"देऊया म्हंजे? पोरगी हाय ती, पोतं न्हवं."

"निवड देऊया. आपली तिसरी त्याला, त्याच्या बदल्यात त्याचं काय काय घ्यायचं ते मी बघतो."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं ती आणि मोरबाळे बघून घेतील."

"चार म्हैने बसली तर बरी हुतीया ओ ती. तुमालाच ठाऊक हाय. सांगितलं तर वाचती, न्हाई सांगितलं तर..." इरफान सज्जन माणूस आहे. सज्जन माणसांचं एक बरं असतं, ती करार वाचतात. मी त्याला आमच्या करारातलं गुप्ततेचं कलम आठवून दिलं.

आता मोरबाळेला गळाला कसा लावायचा? मी स्वतःहून फोन केला असता तर तो वास घेऊन पळाला असता. बावीस वर्षांत मी त्याला एकदाही फोन केलेला नाही. पण तो जन्मानं शिवाजी पेठेचा, आणि मी मंगळवार पेठेची. ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही त्यांना सांगते, आमच्या गावात फुटबॉल देशासाठी किंवा राज्यासाठी नसतो, तो पेठेसाठी असतो. दुसऱ्या पेठेचा गोल झाला की इथं घरात चूल पेटत नाही. माणूस पुण्यात जाऊन पंधरा वर्षं राहिला, इंग्रजीत मुलाखती देऊ लागला, तरी ही ईर्षा जात नाही. सुंभ जळला तरी पीळ राहतोच.

म्हणून मी हलगीवाले ठरवले. निवडीच्या दिवशी मंगळवार पेठेतून मिरवणूक काढायची, शिवलीलाला उघड्या जीपमध्ये बसवायचं, गुलाल उधळायचा, आणि मिरवणूक न्यायची ती शिवाजी पेठेतून. बारा हलग्या सांगितल्या आणि विसार दिला. मग तालमीच्या कट्ट्यावर बसून दोन कप चहा प्याले आणि ही गोष्ट अशा माणसाला सांगितली ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी एवढंच म्हणाले, "कुणाला बोलू नगो बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला.

"खराडे, हलगी ठरवलीस म्हणं?"

आवाज तोच. मी उभी राहिले. का ते विचारू नका, पाय आपोआप उभे राहिले आणि मला त्यांचा राग आला. "व्हय सर," मी म्हणाले.

"माझ्या दारावरनं नेणार?"

"रस्ता सरकारी हाय सर."

तो हसला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, तिसरी निवड सोडायला काय घेशील? मी म्हणाले, सोडायचा प्रश्नच येत नाही, लोक माझं घर जाळतील. त्यानं सातवी निवड देऊ केली. मी हसले. त्यानं दुसऱ्या फेरीतली पंधरावीही देऊ केली. मी म्हणाले, सर, कशाला उगीच. त्या दिवशी आमचे चार फोन झाले. संध्याकाळी तो सातवी, पंधरावी, त्याची अनुभवी डावी बचावपटू आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, एवढ्यावर आला. मी मालकांना विचारते असं सांगून अर्धा तास नुसती बसून राहिले आणि मग हो म्हणाले.

सभागृहात तिसऱ्या निवडीला पुण्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा आमचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शिवलीला मंचावर गेली, पुण्याचा शर्ट अंगात घातला आणि फोटोसाठी हसली. मोरबाळेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यानं लांबून माझ्याकडं मान हलवली, जिंकलेला माणूस हरलेल्याकडं बघून हलवतो तशी. मीही मान हलवली. मला जन्मात कधी इतकं गोड वाटलं नव्हतं, आणि ते मी लपवणार नाही.

गावानं माझ्या नावानं शिमगा केला. हलगीवाले तरीही आले आणि माझ्याच दारात वाजवून गेले, कुणी पाठवलं होतं कोण जाणे. पण सातव्या निवडीत आम्ही मधल्या फळीतली एक दांडगी मुलगी उचलली, पंधराव्यात गोलकीपर मिळाली, डावी बाजू पुण्याच्या बचावपटूनं बंद केली. आमचे तिन्ही खड्डे बुजले. मोसम सुरू झाल्यावर पहिले तीन सामने आम्ही जिंकलो आणि तेच लोक मला वाटेत थांबवून "नाद खुळा ताई" म्हणू लागले.

माझं लक्ष मात्र पुण्याकडं होतं. त्यांचा पहिला सामना मी दार लावून पाहिला. शिवलीला संघात नव्हती. वाटलं, पहिलाच सामना, बसवली असेल. दुसऱ्यातही नव्हती. तिसऱ्यात राखीव बाकावरही नाही. पुणे हरत होतं, त्यांचे प्रेक्षक तिच्या नावानं ओरडत होते, वाहिन्यांवर मोरबाळेला वेडा ठरवत होते, आणि तो प्रत्येक मुलाखतीत एकच सांगत होता, "ती विशेष व्यायामावर आहे."

विशेष व्यायाम. हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक इरफानच्या खोलीत गेले.

"तू सांगितलंस त्याला."

"न्हाई ताई."

"खोटं बोलू नगो. तिच्या आकड्याचं आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक हाय?"

त्यानं हातातली तार खाली ठेवली. "सांगायला पायजे हुतं. रोज ठरवायचो, आज फोन करायचा. नोकरीला भ्यालो. न्हाई केला. तीच लाज वाटत्या मला. तुमी म्हणतासा तसं केलं असतं तर बरं झालं असतं ओ."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्यामुळे जास्तच चिडले. मग मोरबाळेला कळलं कसं?

सात सामने झाले. पुणे तळाला गेलं. मोरबाळेला काढणार अशा बातम्या येऊ लागल्या. म्हणजे माझं काम एका परीनं होतच होतं, पण त्यात मला काही चव लागेना. तो मोडला जावा असं मला वाटत होतं, आणि हा माणूस स्वतःहून, डोळे उघडे ठेवून खाली जात होता. निवडीला साडेचार महिने होत आले तेव्हा एका दुपारी आमच्या मैदानावरच्या ऑफिसबाहेर पुण्याची गाडी थांबली. आधी शिवलीला उतरली, मागून तो. केस सगळे पांढरे झाले होते.

शिवलीला आत आली ती थेट माझ्या पायाशी वाकली. "ताई, सरांनी सगळं सांगितलं. तुमी कळवलासा म्हणून वाचलो मी. आई म्हणत्या, खराडे मॅडमच्या घरी जाऊन वटी भरून येऊया."

मला काही समजेना. मी मोरबाळेकडं पाहिलं. तो भिंतीवरचं सामन्यांचं वेळापत्रक वाचत होता.

"तिचा गुडघा ऐकायचाय," तो म्हणाला. "तुझ्याकडं कसलंसं यंत्र हाय म्हणतात. चार म्हैने बसवलीया, दुखऱ्या गुडघ्याला देतात तसला सावकाश ताणाचा व्यायाम तेवढा दिलाय. खेळवू का नको, मला कळंना. आमच्या डॉक्टरांच्या फोटोत आधीबी काय दिसत नव्हतं, आत्ताबी काय दिसत न्हाई."

इरफान तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेला. दार लागलं. बावीस वर्षांनी आम्ही दोघं एका खोलीत होतो.

"मी तुम्हाला काही कळवलं न्हवतं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय की."

"मग तिला का बसवलं?"

तो न विचारता खुर्चीत बसला. "तू दिलीस म्हणून. सौदा झाला त्या दिवशी मी लई खूश हुतो. मग दोन दिवस डोस्क्यात एकच. खराडे, तुझा माझ्यावर राग किती हाय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाई. मंगळवार पेठेची बाई, जिल्ह्याची पोर, हलगीबी ठरवलेली. आणि ती पोर तू मला दिलीस? लोकांच्या शिव्या खाऊन? मला वाटलं, ही मला पोरगी देत न्हाई, काहीतरी वाईट देत्या. मग बाकी काय असणार, गुडघाच असणार."

तीनशे गुडघे ऐकून जे गणित मी बांधलं, ते या माणसानं नुसत्या माझ्या रागावरून ओळखलं होतं.

"नुसत्या संशयावर बसवलीत?"

"व्हय."

"नोकरी जाणार तुमची."

"गेली. परवा पत्र आलं. ह्या म्हैन्याअखेरपर्यंत हाय."

मग मी ते विचारलं, जे बावीस वर्षं विचारायचं होतं. "माझ्या वेळी ठाऊक हुतं तुम्हाला. संशय न्हवे, कागद हुता हातात. मग मला का न्हाई बसवलं, सर?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तवा मला फायनल पायजे हुती," तो म्हणाला. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोरीला मी सांगितलंय की तू कळवलंस. तसंच राहू दे. तिला कशाला तरास."

दार उघडलं. इरफानच्या चेहऱ्यावरच समजलं. "सहा लाह्या," तो म्हणाला. "चारदा मोजलं." शिवलीला बाकावर बसली होती, पट्टा अजून डाव्या गुडघ्याला होता. ती लहान मुलीसारखी हसत होती.

"मग खेळू आता?"

"खेळ," मी म्हणाले.

गोष्ट इथं थांबवता आली असती. तिची आई ओटी भरायला आली असती, मी नारळ घेतला असता, मोरबाळे पुण्याला गेला असता. पण मी त्याच्याकडं पाहिलं आणि तो मला माफ केल्यासारखा उभा होता. माझा गुडघा खाऊन मोठा झालेला माणूस माझ्यावर उपकार करत होता, आणि जन्मभर मला ते पदरात बांधून फिरावं लागणार होतं. ते मला सोसलं नाही. मी खरं बोलले ते चांगुलपणानं नव्हे, कुणी तसं समजू नये.

"शिवलीला, मी कळवलं न्हाई कुणाला. सरांनी आपणहून वळीखलं. पुण्याच्या शिबिरात तुझा गुडघा मला ऐकू आला हुता. एकशे बेचाळीस लाह्या. मी गप्प बसलो."

तिचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं. "मी इचारलं हुतं की तुमाला," ती म्हणाली. "तुमी म्हणालासा, ठणठणीत हाय. जेवून घे म्हणालासा."

"व्हय."

"का ओ?"

मी मोरबाळेकडं बोट केलं. "ह्यास्नी बुडवायला."

"आणि माझं काय चुकलं हुतं?"

"तुझं काय न्हाई चुकलं."

तिनं वाकून स्वतःच पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि बाकावर ठेवला. माझ्या पायांकडं तिनं एकदा पाहिलं. "चला सर," ती म्हणाली आणि बाहेर गेली. मोरबाळे जाताना काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. इरफाननं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्याआधी त्यानं पट्ट्याचे सगळे आकडे लीगच्या आठही संघांना पाठवले, आणि ज्या मुली ऐकल्या होत्या त्या प्रत्येकीला तिचे तिचे. मी त्याला अडवलं नाही. कराराची आठवणही दिली नाही.

तीन आठवड्यांनी पुणे कोल्हापुरात खेळायला आलं. मोरबाळेचा तो शेवटचा सामना. गडहिंग्लजहून चार बस भरून माणसं आली होती, आणि शर्ट कुठल्याही रंगाचे असले तरी पाठीवर नाव तिचंच होतं. आम्ही वरून दुसरे होतो, ते तळाला. शिवलीलानं पहिला गोल अकराव्या मिनिटाला केला. माझी दांडगी मधली मुलगी तिच्या अंगावर धावून गेली, ती डाव्या पायावर गर्रकन वळली आणि मारला. तो गुडघा वळताना मी श्वास धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. दुसरा गोल पुण्याहून घेतलेल्या बचावपटूला चकवून. तिसरा डोक्यानं. चौथ्याच्या वेळी ती मध्यापासून एकटी निघाली आणि आमची नवी गोलकीपर नुसती बघत राहिली. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ एकदमच उठून टाळ्या वाजवत होत्या, असं या गावात मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

चौथ्या गोलनंतर तिच्या मैत्रिणी तिला मिठी मारायला धावल्या. तिनं त्यांना बाजूला केलं आणि चालत आमच्या बाकासमोर आली. रेषेच्या पलीकडं उभी राहिली. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत, शिवीही नाही. घाम गळत होता आणि ती फक्त माझ्याकडं बघत होती. ती नजर मला ओळखीची होती. बावीस वर्षं मी आरशात तीच बघत आले आहे.

पंचानं शिटी वाजवली आणि ती परत गेली. ती एकवीस वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे चांगले आहेत. अजून पंधरा वर्षं तरी ती दर मोसमाला इथं येईल.